२०० वार धावदोरा

आईच्या कपाटातल्या साड्या वाटून झाल्या तेव्हा रोजच्या वापरातल्या अकरा साड्या मागे उरल्या. पैठणीला, दोन्ही इरकलींना आणि नारायणपेठला लगेच घरं मिळाली. या अकरा मात्र धुऊन धुऊन इतक्या विरल्या होत्या की उजेडात धरल्या तर पलीकडचं दिसायचं. बहीण म्हणाली, "पायपुसणी होतील." मी त्या पिशवीत भरल्या आणि लालबागहून मुलुंडला घेऊन आले. गोधडी करायची हे मी लोकलमध्येच ठरवलं होतं.

तोवर सात वर्षं मी क्विल्ट करत होते. आधी मशीनवर, वर सुती कापडाचे नेमके कापलेले तुकडे, मध्ये फायबरचा थर, खाली अस्तर. लॉग केबिन हा माझा सगळ्यात आवडता नमुना. मध्ये छोटा चौकोन, परंपरेने लाल, आणि त्याच्याभोवती एकेक पट्टी फिरवत न्यायची. दोन बाजूंना फिकट, दोन बाजूंना गडद. असे सोळा ठोकळे शेजारी शेजारी मांडून नुसते फिरवत राहिलं तरी उन्ह-सावलीच्या वेगवेगळ्या नक्ष्या दिसायला लागतात. यात सगळा खेळ पाव इंच मायेचा. शिलाईच्या बाहेर जे कापड सोडतात त्याला आपल्याकडे माया म्हणतात, आणि हा शब्द ज्या कुणी पहिल्यांदा वापरला त्या शिंप्याला माझा नमस्कार. माया अर्ध्या सुताने, म्हणजे इंचाच्या सोळाव्या भागाने चुकली तर आठ शिवणींत अख्ख्या इंचाचा फरक पडतो आणि मग ठोकळे एकमेकांना भिडत नाहीत.

दुसरं आवडतं काम षटकोनांचं, तेही गाडीतलं. ऑफिस फोर्टात. मुलुंडहून सीएसएमटीला धिम्या लोकलने तासभर लागतो आणि खिडकी मिळाली की मांडीवर डबी उघडते. घरात साठलेल्या लग्नपत्रिकांचा जाड कागद यासाठी उत्तम. एक इंच बाजूचे षटकोन कापायचे, त्यावर कापड दुमडून कच्चे टाके घालायचे, मग कडा कडेला बारीक टाक्यांनी जोडायची आणि सहाही बाजू बांधल्या गेल्या की कागद काढून घ्यायचा. समोरची बाई मटार सोलत असते, मी षटकोन जोडत असते. कुणाच्या तरी लग्नाचा मुहूर्त आणि हॉलचा पत्ता कापडाच्या आत दडलेला असतो, हे मला फार छान वाटतं.

पण खरं सांगायचं तर त्या क्विल्ट मुंबईत वापरल्या जात नाहीत. फायबरचा थर घाम शोषत नाही, रात्री दोनला त्या पायाशी ढकललेल्या असतात. गोधडीत कापूसही नसतो आणि फायबरही नसतं. नुसते सुती कापडाचे थर. धुवून वापरून जेवढी जुनी होते तेवढी अंगाला मऊ लागते.

जूनमध्ये सुरुवात केली. पहिली चूक रंगाची. वरच्या ठिगळांत थोडं नवं हवं म्हणून जेवणाच्या सुट्टीत मंगलदास मार्केटमध्ये जाऊन कुंकवाच्या रंगाचं व्हॉइल आणलं आणि न धुता लावलं. पहिल्याच धुण्यात आईच्या फिकट मोतिया साडीवर गुलाबी डाग पसरले. आता कुठलंही नवं कापड आलं की आधी पांढरा ओला रुमाल त्यावर जोरात घासून बघते, मग दोनदा धुते. दुसरी अडचण म्हणजे त्या अकरांतली एक साडी सुती नव्हतीच. तिच्यातला दोरा ओढून जाळून पाहिला. सुती दोरा कागदासारखा जळतो आणि त्याची राख होते; हा वितळला आणि टोकाला कडक मणी झाला. टेरिकॉट थरांत सरकत राहतं, म्हणून ती साडी बाजूला ठेवली.

तिसरी चूक मला सगळ्यात जास्त शिकवून गेली. मी वरचा भाग क्विल्टसारखा आधी पूर्ण जोडून घेतला, थरांवर पसरला आणि कडेपासून धावदोरा घालत आत आले. दीड महिना संध्याकाळी बसून. मधोमध पोहोचले तेव्हा तिथे कापडाचा फुगा उभा राहिला होता. प्रत्येक फेरीत कापड अगदी थोडं आत सरकत होतं आणि ते सगळं सैल कापड मध्ये येऊन साठलं. क्विल्ट करताना आपण मधून बाहेर जातो ते याचसाठी, जास्तीचं कापड कडेला निघून जातं. हे माहीत असून मी गोधडीला कडेने लागले होते, कारण लहानपणी पाहिलेल्या सगळ्या गोधड्यांवरचे टाके तसेच, चौकोनात चौकोन होते.

शेजारच्या काकूंचं माहेर साताऱ्याकडचं. त्या गोधडीला वाकळ म्हणतात. त्यांनी फुग्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "अगं, ठिगळं आधीच जोडून का आणलीस? लावत लावत यायचं असतं."

तेवढं एक वाक्य. मी बसून सगळं उसवलं. चार रात्री लागल्या.

काकूंची रीत अशी. साडी मधोमध कापून दोन्ही तुकडे शेजारी जोडले की एक थर होतो. असे आतले पाच आणि खालचा एक, म्हणजे सहा साड्या. मी हॉलमधलं टेबल गॅलरीत काढलं, फरशी पुसली, थर पसरले. त्यावर हातभर अंतराने लांब कच्चे टाके. मग कडेला ठिगळांची पहिली रांग ठेवायची, धार आत मुडपायची, शिवायची. तिला थोडी झाकून दुसरी रांग. कापड सरकलं तर पुढचं ठिगळ ते सामावून घेतं, फुग्याला जागाच उरत नाही. पुढे कळलं की कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर भागातल्या सिद्दी, म्हणजे मूळच्या आफ्रिकन वंशाच्या समाजातल्या बायका त्यांची कवंदी, म्हणजे गोधडीच, अशीच कडेकडून आत शिवत येतात आणि चारी कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची फुलं लावतात. मीही लावली.

टाक्याचं सांगते. डावा तळवा गोधडीच्या खाली, उजव्या हाताच्या मधल्या बोटात अंगुस्तान. दोरा हातभरच घ्यायचा, त्याहून लांब घेतला की गुंता होतो. मेणबत्तीवरून दोनदा ओढला की गाठी धरत नाही. सुईचं टोक खालच्या तळव्याला टोचलं की कळतं, सातही थर घेतले गेले. मग टोक वर, पुन्हा खाली, असे चार टाके सुईवर भरून घ्यायचे आणि एकदम ओढायचे. ओढताना सातही थरांतून दोरा जाण्याचा बारीक खसखस आवाज येतो. पंखा बंद असेल तर नीट ऐकू येतो.

माझी गोधडी साडेसात फूट बाय पाच फूट. दोन ओळींत बोटभर, म्हणजे पाऊण इंच अंतर. हिशेब केला तर २०० वार धावदोरा होतो, बावीस नऊवारी लुगडी एकापुढे एक पसरावीत एवढा. ठिगळांची रंगसंगती मी तासन् तास जुळवली, आणि तरी माझं ठाम मत झालंय की गोधडीचा जीव या धावदोऱ्यात आहे. ठिगळं फाटतील, त्यावर नवी लागतील. थरांना धरून ठेवतो तो टाका.

आईचे टाकेही त्या साड्यांवर होतेच. वडील गिरणीत मागावर होते. १९८२ च्या संपानंतर आमच्या घरात नवं कापड क्वचितच आलं, रफू मात्र सतत चालायचं आणि ती सवय आईची नंतरही सुटली नाही. एका निळ्या साडीवर तिने हिरव्या दोऱ्याने रफू केलेलं होतं, रुपयाच्या नाण्याएवढं, ताणा-बाणा विणल्यासारखं. तो तुकडा मी शेवटपर्यंत बाजूला ठेवला होता.

जानेवारीत मधल्या चौकोनाशी पोहोचले. काकूंना हाक मारली. त्यांच्याकडे वाकळीचं पोट उपाशी ठेवत नाहीत, म्हणून त्यांनी चार तांदूळ आणले आणि त्या उरलेल्या जागेत ठेवले. वर मी निळं ठिगळ लावलं, चारी धारा मुडपून शिवल्या. आतल्या ओळी घालताना धावदोरा रफूपाशी आला. तिथे मी सुई वळवली आणि बाजूने नेली.