टीमच्या रोबोटचा कोड लॅपटॉपवर चढवताना: रॉस सोपं, यूएसबी जीव घेते

कॉलेजच्या रोबोटिक्स टीममध्ये सॉफ्टवेअरला येणाऱ्या नव्या पोरांसाठी लिहितोय. रीडमीमधलं 'क्लोन करा, बिल्ड करा, चालवा' मनावर घेऊ नका. गिट, टर्मिनल, थोडं सी प्लस प्लस येतं असं धरून चालतोय, येत नसेल तर आधी ते करून या, कारण स्पर्धा तोंडावर आली की लॅबमध्ये कोणीही शिकवत बसत नाही.

उबंटू २२.०४ टाका, सरळ ड्युअल बूट. आमचा कोड रॉस टू (रोबोटचं सॉफ्टवेअर लिहायची चौकट) हिच्या हंबल आवृत्तीवर आहे आणि हंबल २२.०४ वरच नीट बसतं, हौसेनं २४.०४ टाकलंत तर तिथे जॅझी ही वेगळी आवृत्ती, आणि मग बसा पॅकेजं जुळवत. विंडोजमध्येच डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स) चालवू म्हणणाऱ्यांनो, बिल्ड होईल हो, पण यूएसबी आपोआप आत येत नाही, वेगळं टूल घालून जोडावी लागते, केबल निघाली की परत तेच. क्लोन रिकर्सिव्ह करा, नाहीतर सबमॉड्यूलची, म्हणजे आत जोडलेल्या दुसऱ्या रेपोंची, फोल्डरं रिकामी येतात. आठ जीबी रॅम असेल तर कोलकॉन (रॉसचं बिल्ड टूल) बिल्ड मध्येच 'किल्ड' म्हणून मरतं, तो कोडचा दोष नाही, रॅम संपली, पॅरलल वर्कर्स १ करा आणि स्वॅप वाढवा. इथवर एका संध्याकाळचं काम.

आता खरा घाट. मोटर कंट्रोलरचा बोर्ड लावला, टीटीवाय-यूएसबी-शून्य हे त्याचं पोर्ट क्षणभर दिसलं आणि गायब. एक सीनियर म्हणे केबल गेली, दुसरा म्हणे बोर्ड उडाला, तिसरा म्हणे डायलआउट ग्रुपमध्ये (सिरियल पोर्ट वापरायची परवानगी असलेल्यांचा ग्रुप) नाव घाल. (ग्रुपमध्ये नाव नसेल तर 'परमिशन डिनाइड' येतं, पोर्ट गायब होत नाही, पण ऐकतो कोण.) त्यांच्या नादानं नवा बोर्ड घ्यायला पुण्यातली इलेक्ट्रॉनिक्सची तपकीर गल्ली गाठली. दुकानाचं नाव घेत नाही, पण 'एकदम ओरिजिनल' म्हणून अर्डुइनो नॅनो बोर्ड गळ्यात मारला, ऑनलाइनच्या जवळपास दुप्पट भावानं, बिलाचं विचारलं तर 'बिल पायजे तर जीएसटी वेगळा'. लॅबमध्ये येऊन एलएस-यूएसबी (जोडलेल्या यूएसबी वस्तूंची यादी) चालवलं तर आयडी १ए८६:७५२३, म्हणजे सीएच३४० ही यूएसबी-सिरियल चिप, म्हणजे नक्कल केलेला बोर्ड, ओरिजिनल नॅनोवर एफटीडीआय कंपनीची चिप असते. आणि तोही तस्साच गायब!

डीमेसेज (कर्नलचा लॉग) वाचल्यावर उलगडा झाला. उबंटू २२.०४ सोबत बीआरएलटीटीवाय नावाचा प्रोग्रॅम येतो, अंध लोकांच्या ब्रेल डिस्प्लेसाठी. काही डिस्प्लेंमध्ये हीच चिप असते, त्यामुळे आपला बोर्ड दिसला की तो ब्रेल डिस्प्ले समजून ताब्यात घेतो. ॲप्टनं तो प्रोग्रॅम काढा, केबल परत लावा, संपलं. लॅबमध्ये कोणी खरंच ब्रेल डिस्प्ले वापरत असेल तर त्या मशीनवर तो काढू नका, फक्त त्याच्या यूडेव्ह रूलमधली (कुठलं यूएसबी लागलं की काय करायचं ते ठरवणारी फाइल) या आयडीची ओळ बंद करा. हे रीडमीत पहिल्या पानावर हवं होतं, नव्हतं, आता मी टाकलंय. गल्लीत जायचंच असेल तर गाडी नेऊ नका, मेट्रोनं मंडईला उतरा, तीन दुकानं फिरा, आणि 'ओरिजिनल' हा शब्द आला की चिपवरचं नाव वाचा.

कोड लिहिणं, पुल रिक्वेस्ट, रिव्ह्यू, सगळं मजेत झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. फक्त ब्रँच काढण्याआधी रोबोटवरच्या रास्पबेरी पायमध्ये (छोटा कॉम्प्युटर) एसएसएच करून गिट स्टेटस बघा. स्पर्धेच्या आदल्या रात्री कोणीतरी तिथेच पीआयडीचे (मोटर कंट्रोलच्या सेटिंगचे) आकडे बदललेले असतात आणि पुश केलेले नसतात, तुम्ही मेनवरून बिल्ड करून चढवलंत की रोबोट भलतंच वागतो आणि शिव्या तुम्हाला.

अजून एक, रॉस डोमेन आयडी प्रत्येकानं वेगळा ठेवा, एकाच आकड्याची मशीनं एकमेकांचे मेसेज ऐकतात. सगळे लॅबच्या एकाच वायफायवर, सगळ्यांचा डिफॉल्ट शून्य, त्यामुळे कोपऱ्यात बसून कोणी सिम्युलेशनमधला रोबोट टेलिऑपनं (कीबोर्ड-जॉयस्टिकनं दुरून) फिरवत होता आणि टेबलावरचा खरा रोबोट निघाला की चालायला! कडेला पोचायच्या आत एकीनं बॅटरीची वायर उपटली म्हणून वाचला. सगळ्यांचे आयडी वेगळे होईपर्यंत रोबोटची चाकं अधांतरी राहतील असं काहीतरी खाली ठेवा, आणि इमर्जन्सी स्टॉप हाताशी.