मॅक्रोची वही: ट्यूब, रेनॉक्स आणि फ्लॅशवरचं डबडं

मॅक्रो म्हणजे किड्यांसारख्या बारीक गोष्टी जवळून मोठ्या टिपणं. त्यासाठीच्या माझ्या सामानात मागच्या नोंदीनंतर थोडी भर पडली आणि एक वस्तू विकायला काढली. बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, तीच: २४ मेगापिक्सेलची मिररलेस, एपीएस-सी या मध्यम आकाराच्या सेन्सरची. ती बदलायचा विचार सध्या बाजूला ठेवलाय, का ते पुढे येईलच. किडे टिपणाऱ्यांत एक वाद कायम चालू असतो: पैसे आधी लेन्सवर घालायचे की फ्लॅशवर? माझा कौल आता फ्लॅशला. त्यातही खुद्द फ्लॅशपेक्षा त्याच्या तोंडावर आपण जे बांधतो त्याला.

ट्यूब

सुरुवात ५० मिमी लेन्स आणि एक्स्टेन्शन ट्यूबने (बॉडी आणि लेन्सच्या मध्ये बसते ती) केली, कारण ट्यूबमध्ये काच नसतेच. नुसती पोकळ नळी, त्यामुळे लेन्सची मूळ धार बिघडवायला मध्ये काही येत नाही. हिशोबही सोपा: ट्यूबची लांबी भागिले लेन्सची फोकल लेंग्थ. लेन्स अनंतावर फोकस करून २५ मिमीची ट्यूब लावली की अर्धपट मॅग्निफिकेशन मिळतं (सेन्सरवरची प्रतिमा वस्तूच्या निम्मी), ५० मिमी भरली की १:१, म्हणजे वस्तूएवढीच. एपीएस-सी सेन्सर साधारण साडेतेवीस मिमी रुंद असतो, म्हणजे १:१ ला तेवढ्याच रुंदीची वस्तू फ्रेम भरते. मोठं फुलपाखरू मावत नाही, ढालकिडा ऐसपैस बसतो, मावा मात्र अजून ठिपकाच राहतो.

ट्यूब घेणाऱ्यांनी एक गोष्ट आधी बघावी: आत इलेक्ट्रॉनिक संपर्क आहेत का. कॅननच्या ईएफसारख्या माउंटमध्ये (लेन्स बॉडीला बसते तो सांधा) अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक) बॉडीकडून विजेवर चालतं. बिनसंपर्काची स्वस्त नळी लावली की लेन्स पूर्ण उघडी राहते आणि १:१ ला एफ/१.८ वर (एफ-आकडा जितका लहान तितकं भोक मोठं आणि फोकसचा पट्टा अरुंद) काम करणं म्हणजे मुंगीची एक मिशी फोकसमध्ये आणि बाकी मुंगी धुक्यात. डेप्थ ऑफ फील्ड प्रीव्ह्यूचं (फोकसचा पट्टा आधी दाखवणारं) बटण दाबून धरायचं आणि तशातच लेन्स काढायची, म्हणजे अ‍ॅपर्चर बंद अवस्थेत अडकतं, ही जुनी युक्ती चालते. पण दर वेळी कोण एवढा उपद्व्याप करणार? दुसरं म्हणजे माउंट धातूचं घ्यावं. माझ्याकडे आधी प्लॅस्टिक माउंटचा संच होता, तो जरा जड लेन्स लावली की डुलायचा.

आता खरी मेख. ट्यूब लावली की लेन्सवरचा एफ-आकडा नावापुरता उरतो. खरा आकडा काढायला त्याला (१ + मॅग्निफिकेशन) ने गुणावं लागतं. म्हणजे १:१ ला एफ/८ हा प्रत्यक्षात एफ/१६, आणि एफ/११ लावला तर एफ/२२. उजेड दोन स्टॉपने घटतो, म्हणजे चौथा हिस्साच उरतो. निकॉनच्या मॅक्रो लेन्स जवळ फोकस केल्यावर हा खरा आकडाच बॉडीवर दाखवतात, कॅननवर लावलेला आकडा तसाच दिसत राहतो. म्हणून दोन वेगवेगळ्या बॉडीवाल्यांनी एकमेकांचे एफ-आकडे ताडून भांडण्यात अर्थ नाही.

मेगापिक्सेलचा मोह

हा गुणाकार मनात ठेवला की नव्या बॉडीचा मोह आपोआप ओसरतो. खऱ्या एफ/२२ वर डिफ्रॅक्शनमुळे (बारीक भोकातून जाताना उजेड पसरतो त्यामुळे) प्रत्येक बिंदूची जी चकती सेन्सरवर पडते ती हिरव्या उजेडात साधारण ३० मायक्रॉन व्यासाची. माझ्या सेन्सरचा एक पिक्सेल ४ मायक्रॉनच्याही किंचित खाली आहे. ती चकती आधीच कित्येक पिक्सेल व्यापून बसली असताना ४० मेगापिक्सेलचा सेन्सर आणून नवा तपशील कुठून येणार? तीच धूसरता जास्त बारीक तुकड्यांत मोजली जाईल, इतकंच. अ‍ॅपर्चर उघडलं तर डिफ्रॅक्शन कमी होतं, पण मग फोकसचा पट्टा आटतो. १:१ ला, लावलेल्या एफ/११ वर तो जेमतेम ०.९ मिमी, एफ/८ ला ०.६ मिमीच्या आसपास. या दोन आकड्यांमध्ये कुठे थांबायचं हे ज्याचं त्याने ठरवावं. मी एका फ्रेमसाठी एफ/११ वर थांबतो, स्टॅक (वेगवेगळ्या फोकसच्या फ्रेमा जोडून एक चित्र) करायचा असेल तर एफ/५.६ ला उघडतो.

रेनॉक्स

ही भर सगळ्यात कमी कटकटीची. रेनॉक्स डीसीआर-२५० म्हणजे लेन्सच्या तोंडावर लावायची ८ डायऑप्टरची क्लोज-अप लेन्स. क्लोज-अप फिल्टर म्हणून मिळणाऱ्या एकेरी काचा आणि ही यांत फरक असा, की हिच्यात रंगदोष आवरायला एकाहून जास्त काचा आहेत. एकेरी काचेत कडांना जांभळट-हिरवी झालर हमखास दिसते, इथे ती जवळजवळ नाही. ५२ ते ६७ मिमी फिल्टर-व्यासाच्या लेन्सवर ती चापाने चिमटता येते. किडा समोर असताना ट्यूब बदलत बसण्यापेक्षा हे किती बरं, ते करून बघितल्याशिवाय कळत नाही.

८ डायऑप्टर म्हणजे १२५ मिमी फोकल लेंग्थ. मागची लेन्स अनंतावर ठेवली की फोकस रेनॉक्सपासून साधारण १२ सेंटीमीटरवर येतो, मागे लेन्स कोणतीही असो. आणि मॅग्निफिकेशन म्हणजे मागच्या लेन्सची फोकल लेंग्थ भागिले १२५. माझ्या ५५-२५० झूमवर २५० ला थेट २:१ मिळतं, १२५ ला १:१. म्हणजे झूमची रिंग ही मॅग्निफिकेशनची रिंग होते आणि किड्यापासूनचं अंतर जवळपास हलतच नाही. झूम ५५ कडे नेला की कोपरे काळवंडतात, पण तिथे मॅग्निफिकेशन अर्ध्यापेक्षाही कमी असतं, त्यामुळे त्याची गरज पडत नाही. हुरूप आवरायचा असेल तर धाकटी डीसीआर-१५० आहे, ४.८ डायऑप्टरची. चतुर, टाचण्या (चतुराचे सडपातळ भाईबंद), नाकतोडे यांच्यासाठी तीच बरी. अंतर २० सेंटीमीटरच्या आसपास मिळतं आणि किडा उडायच्या आत एखादी फ्रेम हाती लागते.

इथे ट्यूबसारखी उजेडाची घट होत नाही, लावलेला एफ-आकडा खराच राहतो. पण ही फुकटची कमाई नव्हे. २:१ ला एफ/११ वर फोकसचा पट्टा ०.१ मिमीच्या घरात येतो. म्हणून रेनॉक्सबरोबर एफ/१६ लावायला कचरू नका, तो ट्यूबवरच्या एफ/१६ एवढा मऊ पडत नाही.

डबडं

आता मुख्य मुद्दा. विकायला काढलेली वस्तू म्हणजे लेन्सभोवती बसणारी एलईडी रिंग. स्थिर वस्तूंना ती ठीक आहे, पण एफ/११ ला हलत्या किड्याचा फोटो थिजवण्याएवढा उजेड तिच्यात नाही. शिवाय प्रत्येक डोळ्यात आणि प्रत्येक दवबिंदूत पांढरं कडं उमटतं. सपाट, सावलीहीन उजेडामुळे किड्याच्या अंगाचा उठाव जातो ते वेगळंच.

साधा स्पीडलाइट (कॅमेऱ्यावर वेगळा लावायचा फ्लॅश) याबाबतीत फार पुढे आहे. कमी पॉवरवर, समजा १/१६ वर, त्याचा लखलखाट सेकंदाच्या काही हजाराव्या भागात संपतो. शटर १/२०० वर असलं तरी चित्र थिजवतो तो फ्लॅश, शटर फक्त आजूबाजूचा उजेड किती शिरू द्यायचा ते ठरवतं. हाताची थरथर, वाऱ्यावर डुलणारं पान, सगळं त्या क्षणात गोठतं. ट्रायपॉड म्हणूनच घरी राहतो. डाव्या हातात एक काठी जमिनीवर टेकवायची, त्याच हाताने लेन्स धरायची आणि अख्खं अंग हळूच पुढे-मागे करत फोकस साधायचा. ऑटोफोकस बंद.

पण उघडा फ्लॅश ढालकिड्यावर मारला तर पाठीवर एक जळका पांढरा ठिपका आणि बाकी अंधार. उजेड मऊ असणं हे किड्याच्या जागेवरून तो स्रोत केवढा दिसतो यावर ठरतं. फ्लॅशचं डोकं जेमतेम सात सेंटीमीटर रुंद. त्याच्यापुढे वीस सेंटीमीटरचा पांढरा पडदा किड्यापासून दहा सेंटीमीटरवर आणून ठेवला, तर किड्याला अर्धं आभाळच उजळल्यासारखं वाटेल.

हे तपासायला मी बेअरिंगचा एक छर्रा वापरतो, आणि ज्यांना डिफ्यूझर, म्हणजे उजेड मऊ करणारा असा पडदा, बनवायचाय त्यांनी दुसरं काही नाही तरी एवढं करावंच. काळ्या कापडावर छर्रा ठेवायचा, नेहमीच्या अंतरावरून फोटो काढायचा आणि छर्ऱ्यातलं प्रतिबिंब मोठं करून बघायचं. डिफ्यूझरची सगळी अब्रू त्यात उघडी पडते. नुसत्या पातळ प्लॅस्टिकमधून फ्लॅशचा चौकोन लख्ख दिसतो, भोवती फिकट वलय. म्हणजे पडदा नावाला मोठा, काम करतोय फक्त मधला भाग. बाजारातले काही फुगवायचे किंवा घडीचे डिफ्यूझर या परीक्षेत नापास होतात.

सध्याचं डबडं असं आहे: दुधी रंगाच्या पॉलिप्रॉपिलीन फाइलचं कव्हर अर्धगोल वाकवून लेन्सच्या पुढे छज्जासारखं झुकवलंय, आणि त्याच्या आत, फ्लॅशच्या तोंडापासून तीनेक सेंटीमीटरवर, पॅकिंगच्या पातळ फोमचा दुसरा पडदा. दोन पडद्यांमधली पोकळी महत्त्वाची. एकावर एक चिकटवलेले दोन थर उजेड खातात पण पसरवत नाहीत, अंतर ठेवलं की पहिल्यातून निघालेला उजेड दुसऱ्यावर पोचेपर्यंत फाकतो. आतल्या बाजूंना चांदी-कागद लावलाय. छर्ऱ्यातला चौकोन गेला, आता एक सलग, कडांना किंचित मावळणारा पट्टा दिसतो. खालची बाजू काळी राहायची, तिथे लेन्सच्या ओठाखाली पांढऱ्या कार्डाची पट्टी लावली.

बेकिंग पेपर आणि ट्रेसिंग पेपरही चालतात, पण दमट हवेत लोळागोळा होतात. काही फोम फोटोला पिवळसर करतात, म्हणून एकदा पांढऱ्या कागदाचा फोटो काढून व्हाइट बॅलन्स ठरवून टाकावा. उजेड बराच खाल्ला जातो हे खरं, पण डिफ्यूझर किड्याच्या जवळ आहे त्यामुळे १/८ पॉवरमध्ये भागतं. याहून वर गेलं की फ्लॅश तयार व्हायला वेळ लागतो आणि तेवढ्यात उडी मारणारा कोळी पाठ फिरवून चालू लागतो. निकेल-मेटल हायड्राइड सेल घ्या, अल्कलाइन नको. रिसायकल वेगात होतं आणि सेल पुन्हा पुन्हा चार्ज करता येतात.

काळ्याकुट्ट पार्श्वभूमीची तक्रार बऱ्याच जणांची असते. फ्लॅशचा उजेड अंतराबरोबर झपाट्याने ओसरतो, किड्यामागे हातभर अंतरावरच्या झुडपापर्यंत काही पोचतच नाही. आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ४०० ते ८०० केला तर आजूबाजूचा हिरवा थोडा चढतो. त्याहून सोपं म्हणजे किड्याच्या मागे चार बोटांवर एक पान धरणं.

बॉडी घ्यायचीच झाली तर

माझ्या यादीत आता मेगापिक्सेल नाही. स्क्रीन वळणारी हवी, कारण किडे बहुधा गुडघ्याच्या खाली सापडतात. फोकस पीकिंग (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणं) आणि मॅग्निफाय बोटाशी असावेत. आणि हॉट शू, म्हणजे फ्लॅश बसवायची खाच, नीट तपासावा. कॅननच्या ईओएस २५०डीच्या शूमध्ये मधला संपर्क नाही, त्यामुळे साधे मॅन्युअल फ्लॅश आणि ट्रिगर त्यावर पेटत नाहीत. माहितीपत्रकात हे ठळक छापलेलं नसतं. पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटरवर बहुतेक बॉडी फ्लॅश चालूच देत नाहीत, कारण सेन्सर ओळीओळीने वाचला जातो. सोनीची २०२३ मध्ये जाहीर झालेली ए९ थ्री ग्लोबल शटरमुळे (सगळा सेन्सर एकदम वाचला जातो) याला अपवाद आहे, पण मॅक्रोसाठी ती घेणं म्हणजे चैन. मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन (पहिला पडदा इलेक्ट्रॉनिक, दुसरा मेकॅनिकल) शटर असलेली कुठलीही जुनी बॉडी इथे पुरते.

फोकस ब्रॅकेटिंग (कॅमेऱ्यानेच फोकस थोडा थोडा सरकवत फ्रेमा काढणं) हवं असेल तर ऑलिम्पस, म्हणजे आताची ओएम सिस्टीम, यात सगळ्यात मुरलेली. पहाटे गारठलेल्या, न हलणाऱ्या किड्यांना ते उपयोगी. मी अजून हातानेच फ्रेमा काढून हेलिकॉन फोकस या सॉफ्टवेअरमध्ये जोडतो.

किरकोळ: यूव्ही फिल्टर काढून ठेवलाय. मेमरी कार्ड व्ही३० वेगाचं पुरतं. फोकसिंग रेल (कॅमेरा पुढे-मागे सरकवायची पट्टी) उसना आणून बघितला, घराबाहेर तो लोढणं होतो.

पुढे

कॅननची १९९९ ची एमपी-ई ६५ मॅक्रो लेन्स अजून खुणावते, १ ते ५ पट, पण ती १:१ च्या अलीकडे फोकसच करत नाही आणि ५ पटीला एफ-आकड्याला सहाने गुणायचं म्हणजे डोकं धरायची वेळ. लाओवा कंपनीची २:१ लेन्स आणि रेनॉक्स यांत मला २:१ पर्यंत तरी एवढा फरक दिसला नाही की खिसा रिकामा करावा. त्यामुळे लेन्सची खरेदी लांबणीवर.

त्याऐवजी ध्रुवीकरणाचा, म्हणजे उजेडाच्या लहरी एकाच दिशेत गाळण्याचा, प्रयोग सुरू करतोय. फ्लॅशवर पोलरायझिंग फिल्म आणि लेन्सवर त्याला आडवा पोलरायझर लावला की चमक जवळपास पूर्ण जाते आणि खालचा रंग वर येतो. उजेड मात्र दोन्ही ठिकाणी कापला जातो, म्हणजे डबड्यातला एक पडदा कमी करावा लागेल. माझं लक्ष आहे ते धातूसारखे चमकणाऱ्या स्कॅरब भुंगेऱ्यांकडे. त्यांतल्या काहींच्या पाठीवरून परतणारा उजेड वर्तुळाकार ध्रुवित असतो, म्हणजे त्याच्या लहरींची दिशा गरगर फिरत असते. भौतिकशास्त्रज्ञ मायकेलसनने हे १९११ सालीच नोंदवलं होतं. वर्तुळाकार ध्रुवीकरणाचा थ्रीडी सिनेमाचा चष्मा असेल तर असा भुंगेरा एका काचेतून झळझळीत आणि दुसरीतून काळपट दिसतो. चष्मा हाती आहे. त्याच्या दोन्ही काचा कापून स्टेप-अप रिंगमध्ये (लेन्सवर मोठा फिल्टर बसवायची कडी) बसवल्या की त्याच भुंगेऱ्याचे दोन फोटो शेजारी-शेजारी टाकतो.