पहिला लॅप हळू केला आणि १०० मीटरमधले सहा सेकंद गेले

जानेवारीत १०० मीटर फ्रीस्टाइल १:२५.४ होतं, परवा १:१९.६ झालं. वय ४१, जळगाव, २५ मीटरचा तलाव. घड्याळ भाच्याच्या हातात होतं, तेव्हा दशांश थोडा इकडे-तिकडे धरा.

लॅपनुसार आकडे असे. जानेवारी: १६.८, २०.९, २३.६, २४.१. परवा: १७.६, १९.८, २१.०, २१.२. पहिला लॅप पाऊण सेकंदाने मुद्दाम हळू पोहलो, तरी ५० मीटरला ३७.७ ऐवजी ३७.४ आले. हे बघून मी भाच्याला तीनदा आकडे वाचायला लावले.

कारण साधं आहे. पाण्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो आणि लागणारी ताकद घनाने. वेग दहा टक्के वाढवायचा तर ताकद तेहेतीस टक्के जास्त मोजावी लागते. मी ती पहिल्या पंधरा सेकंदांतच उधळायचो, मग तिसऱ्या लॅपला दंड दगडासारखे. पॅरिस ऑलिंपिकला २०२४ मध्ये चीनच्या पान झानलेने याच शर्यतीत ४६.४० सेकंदांचा विश्वविक्रम केला, तेव्हा त्याचे दोन्ही अर्धे २२.२८ आणि २४.१२ होते. म्हणजे दोन सेकंदांचाही फरक नाही, आणि पहिल्या अर्ध्यात तर उडीचा फायदाही असतो. माझा जानेवारीतला फरक पूर्ण दहा सेकंदांचा! आता पाचाच्या आत आलाय.

पण नुसतं हळू सुटून भागलं नसतं. आपण पोहायला शिकलो विहिरीत, पाठीला वाळलेला भोपळा बांधून. विहिरीत पोहणाऱ्याचं डोकं कायम वर, कारण वरून कोण उडी टाकेल याचा भरवसा नसतो. डोकं वर की कंबर खाली, आणि कंबर खाली की पाय नांगर. ही खोड तीस वर्षांची, दोन महिन्यांत अर्धीच गेली. श्वास घेताना एक डोळा पाण्यात ठेवायचा, एवढंच सध्या पाळतोय.

खरी गंमत मे महिन्यात झाली. पाणीटंचाईने तलाव तीन आठवडे बंद. बाहेर ४४ अंश. शेवटी चोपड्याकडे बहिणीच्या केळीतली विहीर गाठली. व्यास जेमतेम पंचवीस फूट, चार हात मारले की समोर दगड. म्हणून सायकलची जुनी ट्यूब कंबरेला आणि दुसरं टोक लोखंडी शिडीला बांधलं. वीस सेकंद जोरात, मिनिटभर आराम, असे दहा वेळा. भाचा काठावरून म्हणाला, “मामा, तुम्ही ते जठे शेतस तठेच!” म्हणजे जिथे आहात तिथेच.

तिथेच हात कसा घसरतो ते कळलं. हात पाण्यात गेल्या गेल्या मी तो सरळ खाली दाबायचो. त्याने छाती उचलली जाते, ट्यूब काही ताणली जात नाही. कोपर वर ठेवून पंजा आणि मनगटापासून कोपरापर्यंतचा हात मागे वळवला, की ट्यूब लगेच करकरते. इतका चोख मास्तर मला कुठल्या तलावावर भेटला नाही. मुठी बांधूनही पोहलो. पंजा गेल्यावर कोपर आपोआप शहाणं होतं. चौथ्या लॅपला पूर्वी २७ हात लागायचे, आता २२. (विहिरीत एकट्याने हा उद्योग करू नका. काठावर पोहता येणारा माणूस हवाच.)

एक चूक मात्र महागात पडली. जूनमध्ये हौसेने पंजाला बांधायचे मोठे पॅडल (प्लास्टिकच्या चकत्या) लावले, तेही अंगठा आधी घुसवायची सवय तशीच ठेवून. उजवा खांदा दहा दिवस धरला. आता बोटांची टोकं आधी, तळवा खाली, आणि पॅडल कपाटात.

पायांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सहा बीटची किक (हातांच्या एका फेरीत पायांचे सहा फटके) शेवटच्या लॅपला चारावर येतेच.

आता टर्न, म्हणजे भिंतीशी वळणं. तीनपैकी एकदा तरी भिंत पायाला लागते ती फक्त टाचेपुरती, आणि मी तिथेच तरंगत राहतो. १:१८ त्यातच अडकलंय असा माझा संशय आहे.