तुम्ही विचारलंत म्हणून : चालणारा रेग्युलेटर उघडायचा कशाला?

पावसाळा लागून वास्कोहून ग्रँड आयलंडकडे जाणाऱ्या डायव्हिंगच्या बोटी बंद झाल्या, की माझ्या टेबलावर रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा डायव्हरला श्वास घेण्याजोगी करून देणारी उपकरणे, जमू लागतात आणि त्यांच्यासोबत दरवर्षी तोच प्रश्न येतो : "शेवटच्या डाइव्हपर्यंत हवा व्यवस्थित येत होती, मग फर्स्ट स्टेज उघडायचा कशाला?" प्रश्न रास्त आहे. उघडल्यामुळेच बिघडलेले फर्स्ट स्टेज मी पाहिले आहेत आणि त्यांतला एक माझ्याच हातून बिघडला होता.

सिलिंडरच्या तोंडाशी बसणारा, मुठीत मावणारा, क्रोम चढवलेला हा पितळी भाग, म्हणजेच फर्स्ट स्टेज, सिलिंडरमधील सुमारे 200 बार दाब उतरवतो आणि नळीत भोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा साधारण 9 ते 10 बार अधिक एवढाच दाब ठेवतो. त्याचे दुखणे श्वास घेणाऱ्याला बराच काळ जाणवत नाही. म्हणून पाना हातात घेण्यापूर्वी मी जॅकेट फुगवण्याच्या नळीला दाबमापक जोडतो. भरलेला सिलिंडर लावून सेकंड स्टेजचे, म्हणजे तोंडात धरायच्या भागाचे, बटण काही वेळा दाबून सोडले, की काटा खाली जाऊन लगेच आपल्या आकड्यावर परतला पाहिजे आणि तिथेच थांबला पाहिजे. साडेनऊवर थांबण्याऐवजी तो दहा, साडेदहा असा सरकत राहिला, तर सीट (हवा रोखणारी झडपेची गादी) आणि तिच्यावर टेकणारी धार यांच्यामधून हवा झिरपत आहे असे समजावे. झिरप वाढली की सेकंड स्टेज आपोआप हवा सोडू लागतो; त्याची झडप दाब वाढल्यावर मिटत नाही, उघडते, त्यामुळे डायव्हरचा श्वास अडत नाही, पण सिलिंडर भराभर रिकामा होतो. हीच चाचणी मी 50 बारपर्यंत उतरलेल्या सिलिंडरवर पुन्हा करतो. असंतुलित पिस्टनच्या साध्या मॉडेलमध्ये (ज्यात सिलिंडरचा दाब उतरला की झडपेवरचा जोरही बदलतो) तेव्हा आकडा थोडा उतरतो, तो दोष नव्हे.

त्यानंतर हवा आत शिरते तिथला फिल्टर पाहायचा. लालसर तपकिरी डाग पोलादी सिलिंडरमधील गंज सांगतात, काळपटपणा बहुधा काँप्रेसरकडे बोट दाखवतो आणि हिरवटपणा म्हणजे समुद्राचे पाणी आत गेलेले आहे. पितळेच्या भांड्यात ताक कळकते हे ज्या घरात ठाऊक आहे, तिथे यापेक्षा अधिक सांगावे लागत नाही. माझ्याकडे येणारे बहुतेक फिल्टर हिरवटच असतात, आणि त्याचे कारण डाइव्हमध्ये क्वचितच, पण डाइव्हनंतरच्या धुण्यात हमखास सापडते. हवा शिरण्याच्या तोंडावर टोपी न लावता फर्स्ट स्टेज टबात बुडवला, किंवा टोपी लावूनही दाब नसताना सेकंड स्टेजचे बटण पाण्यात दाबले, तर पाणी थेट आत पोहोचते.

दोन्ही चाचण्या निर्मळ निघाल्या आणि कंपनीने दिलेली मुदत उलटलेली नसेल, तर डायफ्रॅमचा, म्हणजे लवचिक पडद्याने पाणी बाहेर ठेवणारा, बंदिस्त फर्स्ट स्टेज मी न उघडता परत देतो. पिस्टनवर चालणाऱ्या फर्स्ट स्टेजच्या बाबतीत मात्र हा उदारपणा मी दाखवत नाही. तिथे स्प्रिंगच्या कप्प्यात समुद्राचे पाणी खेळते, आणि झुआरीच्या मुखाबाहेरच्या आपल्या पाण्यात मिठासोबत गाळही असतो. स्प्रिंगभोवती साचलेले मीठ आणि पिस्टनच्या दांड्यावरच्या ओ-रिंगला (हवा अडवणाऱ्या रबरी कड्याला) घासणारे कण दाबमापकावर दिसत नाहीत. ते उघडल्यावरच दिसतात.

उघडण्याला खरे कौशल्य लागते ते जुनी ओ-रिंग काढताना. सुरुवातीच्या दिवसांत मी पोलादी टोच्याने दांड्याची ओ-रिंग उकरली. नवी ओ-रिंग बसवली, ग्रीसही योग्य लावले, तरी दाबाखाली बादलीत धरल्यावर स्प्रिंगच्या कप्प्याच्या भोकांतून एकेक बुडबुडा येतच राहिला. दोनदा ओ-रिंग बदलून झाल्यावर भिंगाखाली खाचेतला केसाएवढा ओरखडा दिसला. खाच ही सुटी मिळणारी वस्तू नव्हे, ती बॉडीतच कोरलेली असते, त्यामुळे अख्खा फर्स्ट स्टेज मला भरून द्यावा लागला. तेव्हापासून माझ्याकडे पितळी आणि प्लास्टिकचे टोचेच आहेत, आणि पिस्टनची धार मी उघड्या बोटानेही तपासत नाही.

बाकीचे काम संथ आहे : पितळी भाग सौम्य आम्लाच्या अल्ट्रासॉनिक टाकीत थोडाच वेळ ठेवायचे (जास्त ठेवले तर क्रोम जुन्या कल्हईसारखा सुटू लागतो), अ‍ॅल्युमिनियम आणि रबर त्यात घालायचे नाही, गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण सुकवायचे, सीट आणि ओ-रिंगा त्याच मॉडेलच्या नव्या संचातल्या घालायच्या, ग्रीस फक्त चकाकी येण्यापुरते लावायचे. जोडल्यानंतर दाब ठरवून मी रेग्युलेटर लगेच देत नाही. नवी सीट पहिल्या काही तासांत दबून बसते आणि आकडा किंचित हलतो, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजतो.

परत देताना एका पिशवीत काढलेले जुने भाग आणि एका कागदावर भरलेल्या व उतरलेल्या सिलिंडरवरचे दाबाचे आकडे, उघडण्यापूर्वीचे आणि नंतरचे, असे सोबत देतो. कागद फेकू नका. पुढच्या जूनमध्ये याल तेव्हा उघडायचे की नाही, हे मी आधी त्याच्यावरून पाहणार आहे.