तुम्ही विचारलंत म्हणून: स्पर्धेसाठी न अडकणारी सेमी-ऑटो शॉटगन

टेक्ससमध्ये राहतो आणि स्पोर्टिंग क्लेज (उडत्या तबकड्या शॉटगनने फोडायचा खेळ) खेळतो म्हटलं की मराठी मंडळींकडून पहिल्यांदा स्वप्नील कुसाळेचं नाव येतं. अभिमान मलाही आहे, पण कोल्हापूरकडच्या या पठ्ठ्याने २०२४ला पॅरिसमध्ये कांस्य घेतलं ते रायफलने, ५० मीटरवरच्या स्थिर लक्ष्यावर. आमची १०८ मिलिमीटरची तबकडी हवेत पळत असते आणि ती छर्ऱ्यांनी फोडायची असते. हे सांगून झालं की दुसरा प्रश्न येतो: भरवशाची सेमी-ऑटो, म्हणजे बार उडाल्यावर पुढचं काडतूस आपोआप चढवणारी, शॉटगन कोणती?

मी उलट विचारतो, काडतूस कोणतं वापरणार?

कारण सगळं तिथून ठरतं. गॅसवर चालणाऱ्या बंदुकीत नळीला बारीक भोकं असतात. बार उडाला की थोडा वायू त्यांतून खाली येतो, पिस्टन ढकलतो, बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता भाग) मागे जातो, रिकामी पुंगळी बाहेर पडते आणि पुढचं काडतूस आत येतं. इनर्शियाच्या, म्हणजे जडत्वावर चालणाऱ्या, बंदुकीत वायूचा काही संबंध नाही. धक्क्याने अख्खी बंदूक मागे येते, बोल्टचा जड भाग जागीच राहू पाहतो, त्यामुळे मधली दणकट स्प्रिंग दाबली जाते आणि सुटताना तीच बोल्टला मागे फेकते. म्हणजे काडतूस फार हलकं असलं, खांदा ढिला राहिला किंवा हौसेने बंदुकीला जादा वजन लावलं, की इथे घोडं अडतं. गॅसवालीत काजळी साचते, साफसफाई मागे लागते, पण धक्का मऊ बसतो.

शंभर तबकड्यांच्या स्पर्धेत शेवटच्या पंचवीसला खांदा काय म्हणतो, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. म्हणून क्लेजसाठी माझं मत गॅसला. बेरेटाची ए-४०० एक्सेल ही त्या वर्गातली. चिखला-पावसात बदकांमागे जाणाऱ्याने बेनेलीची इनर्शिया खुशाल घ्यावी. (दोन्ही कंपन्या आज एकाच समूहात आहेत, तेव्हा भांडणाला अर्थ नाही.)

जुनी रेमिंग्टन ११०० स्वस्तात मिळत असेल तर तीही चालेल. १९६३पासूनचं मॉडेल, स्कीटवाल्यांचं (हाही तबकड्यांचाच खेळ) लाडकं. फक्त वायू अडवणारी रबरी ओ-रिंग फाटली की पुढचं काडतूस नीट चढत नाही. दोन रिंगा पिशवीत ठेवा.

आता चाचणी. स्पर्धेत जे काडतूस वापरणार, त्याचाच २५०चा खोका आणा आणि जोडीजोडीने झाडा, मध्ये साफ न करता. अडकलीच तर कुठे अडकली ते बघा. पुंगळी बाहेर आली नसेल तर संशय चेंबरवर (नळीत काडतूस बसतं ती जागा) किंवा गॅसवर. स्वस्त काडतुसांचं बूड बरेचदा पितळेऐवजी पोलादाचं असतं, ते फुगतं आणि मळक्या चेंबरला चिकटून बसतं. पुंगळी बाहेर गेली पण पुढचं काडतूस आलंच नाही, तर मॅगझिनची (काडतुसं भरून ठेवायची नळी) स्प्रिंग तपासा. तेल मात्र बेताने. मॅगझिनच्या नळीवर चोपडलेलं तेल काजळी धरून ठेवतं.

आठ-नऊ काडतुसांची लांब मॅगझिन घेऊ का, असं विचारणारे थ्री-गनचे (रायफल, पिस्तूल आणि शॉटगन अशी तिन्हींची स्पर्धा) व्हिडिओ पाहून आलेले असतात. क्लेजमध्ये एका वेळी दोनच भरायची. ते पैसे दस्ता अंगाबरोबर बसवून घेण्यात घाला. शॉटगनला नेम धरायला मागची माशी नसते, तिथे तुमचा डोळाच असतो. गाल दरवेळी वेगळा टेकला तर नेम चुकणारच. बहुतेक चांगल्या सेमी-ऑटोंबरोबर शिम (पातळ चकत्या) येतात, त्यांनी दस्त्याची उंची आणि कल बदलता येतो. डावखुरे असाल तर पुंगळी डावीकडे टाकणारं मॉडेल शोधा.

आणि ऑलिंपिकमधल्या ट्रॅप या तबकड्यांच्या प्रकाराचं मनात असेल, तर आंतरराष्ट्रीय नियमांत सेमी-ऑटो चालते, पंप (दर बारानंतर हाताने मागेपुढे ओढायची) चालत नाही, छर्रे २४ ग्रॅमचे. तरीही तिथले जवळपास सगळे ओव्हर-अंडरच, म्हणजे एकावर एक दोन नळ्यांची बंदूक, वापरतात. तिच्याबद्दल त्यांनाच विचारा.