दहाव्या मुद्द्यावर यादी का हलते

आज लावायच्या पानांत क्रमांकांच्या याद्याच जास्त, म्हणून टॅबविषयीची ही नोंद.

नवव्या मुद्द्यापर्यंत कोणतीही यादी नीट दिसते. दहाव्याला अंक दोन होतात. क्रमांक डावीकडून लावलेले असले की ‘९.’ आणि ‘१०.’ यांची टिंबं एकाखाली एक राहत नाहीत, एककाखाली दशक येतो. शंभराव्याला त्याहून वाईट होतं, मजकूरच पुढे उडी मारतो. अशा वेळी स्पेसबार दाबून ओळ मागे-पुढे करण्याचा मोह होतो, पण बिघाड तिथे नसतोच.

टॅब दाबला की मजकूर पुढच्या टॅब स्टॉपवर, म्हणजे ओळीत ठरवून ठेवलेल्या जागेवर, जाऊन थांबतो. हँगिंग इंडेंट (पहिली ओळ बाहेर, बाकीच्या ओळी आत) दिलेला असेल तर इंडेंटची जागाच स्टॉप धरली जाते. ‘१००.’ त्या जागेपलीकडे पोहोचला की तो स्टॉप मागे पडतो आणि मजकूर पुढचा डिफॉल्ट स्टॉप गाठतो. हे डिफॉल्ट स्टॉप अर्ध्या इंचावर, म्हणजे १.२७ सेंमीच्या अंतराने असतात. त्या एका ओळीतलं भगदाड तिथून येतं.

म्हणून माप घ्यायचं ते यादीतल्या सर्वांत रुंद क्रमांकाचं. १२ पॉइंटच्या अक्षरात एक अंक साधारण ६ पॉइंट आणि टिंब ३ पॉइंट जागा घेतं. तीन अंक आणि टिंब मिळून २१ पॉइंट, म्हणजे सुमारे ७.४ मिमी. फाँटनुसार हे थोडं बदलतं, आणि क्रमांक बोल्ड असेल तर तो आणखी पसरतो. अशा यादीला उजवा टॅब (क्रमांकाची उजवी कड जिथे टेकते तो स्टॉप) ८ मिमीवर, मजकूर १० मिमीवर. यादी ९९ च्या आत संपणार असेल तर ६ आणि ८ मिमी पुरतात.

इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये हे सगळं पॅराग्राफ स्टाइलमध्येच (परिच्छेदाच्या मांडणीचा नाव देऊन ठेवलेला संच) भरावं: लेफ्ट इंडेंट १० मिमी, फर्स्ट लाइन इंडेंट उणे १० मिमी, टॅब्समध्ये ८ वर उजवा आणि १० वर डावा स्टॉप. मग बुलेट्स अँड नंबरिंगमधल्या नंबरच्या चौकटीत क्रमांकाच्या आधीही टॅबचं चिन्ह घालायचं. हा आधीचा टॅब घालायचा राहिला की उजव्या स्टॉपचा काही उपयोग होत नाही, आणि नेमका तोच विसरला जातो. टॅब्सच्या पट्टीवरचा बाण माउसने ओढून केलेला बदल फक्त निवडलेल्या परिच्छेदांना लागतो. स्टाइलच्या नावापुढे अधिकचं चिन्ह दिसलं तर असं काही झालंय का ते आधी पाहावं.

वर्डमध्ये रचना वेगळी आहे. ‘डिफाइन न्यू नंबर फॉरमॅट’मध्ये अलाइनमेंट राइट करायची, मग क्रमांकावर राइट क्लिक करून ‘अॅडजस्ट लिस्ट इंडेंट्स’. नंबर पोझिशन ०.८ सेंमी, टेक्स्ट इंडेंट १ सेंमी, आणि क्रमांकानंतर टॅब. अलाइनमेंट राइट असताना नंबर पोझिशन म्हणजे क्रमांकाची उजवी कड. ती शून्य ठेवली तर सगळे क्रमांक समासात घुसतात.

क्रमांकानंतर टॅबऐवजी स्पेस निवडण्याची सोय आहे, पण जस्टिफाय केलेल्या मजकुरात ती नकोच. ओळ दोन्ही कडांना भिडवताना स्पेस ताणली जाते, त्यामुळे प्रत्येक मुद्दा वेगळ्याच अंतरावर सुरू होतो.

मधलाच एखादा क्रमांक जाड किंवा मोठा दिसतो, त्याचंही कारण ठरलेलं. इनडिझाइनमध्ये क्रमांक परिच्छेदाच्या पहिल्या अक्षराचं रूप घेतो, वर्डमध्ये शेवटच्या परिच्छेद-चिन्हाचं. इनडिझाइनमध्ये क्रमांकाला स्वतंत्र कॅरेक्टर स्टाइल द्यावी. वर्डमध्ये लपलेली चिन्हं दाखवून फक्त ते परिच्छेद-चिन्ह निवडावं आणि त्याचं बोल्ड काढावं.

१.९, १.१० असे उपक्रमांक मात्र मी डावीकडूनच लावते. उजवीकडून लावले तर मधली टिंबं विस्कटतात आणि पहिला अंक शोधत बसावं लागतं. तिथे इंडेंट तेवढा सढळ हवा, १२ पॉइंटला १२ ते १३ मिमी.