कंसातले दोन शब्द

टीव्हीवर बोलणं सुरू असताना पडद्याच्या तळाशी ज्या ओळी उमटतात, त्या लिहिणं हे माझं काम. सिडनीत बारा वर्षं हेच करतेय. इकडे त्यांना कॅप्शन म्हणतात. त्या ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी असतात, त्यामुळे नुसते संवाद उतरवून भागत नाही. दार आपटलं, बाहेर कुत्रं भुंकलं, कुणाला हुंदका आला, ते सगळं कंसात लिहायचं. कोण बोलतंय ते कळावं म्हणून मुख्य पात्रांना रंग वाटून द्यायचे: पांढरा, पिवळा, निळसर, हिरवा. एका वेळी फार तर दोन ओळी, आणि त्या माणसाच्या वाचण्याच्या वेगाने यायला हव्यात, बोलणाऱ्याच्या नाही. जुलै २०१४ पासून इथल्या विनाशुल्क वाहिन्यांच्या मुख्य चॅनलवर सकाळी सहा ते मध्यरात्र जवळपास सगळंच कॅप्शनसकट दाखवावं लागतं, तसा कायदाच आहे. म्हणून आमच्याकडे बातम्यांपासून जुन्या चित्रपटांपर्यंत सगळं येतं.

त्या सोमवारी 'द सफायर्स' आला. फेरप्रसारण होतं, पण हाताशी असलेली जुनी फाइल या प्रतीशी जुळत नव्हती, म्हणून नव्याने करायचं ठरलं. २०१२ चा चित्रपट, दिग्दर्शक वेन ब्लेअर. १९६८ साली चार आदिवासी मुली गाण्याचा गट करतात आणि व्हिएतनाममध्ये अमेरिकन सैनिकांपुढे गायला जातात. मूळ नाटक टोनी ब्रिग्ज यांचं, आणि त्याचं बीज त्यांच्या आईच्या आणि मावशीच्या खऱ्या अनुभवात. चौघींत थोरली गेल. ते काम डेबोरा मेलमनचं.

गेलला मी पिवळा दिला. मेलमन असली की मी पिवळा तिलाच देते, काळ्यावर तो सगळ्यात ठळक दिसतो.

चित्रपटात योर्ता योर्ता भाषेतलं एक स्तोत्र आहे. ही मरे नदीकाठच्या लोकांची भाषा, मुलींचं घर त्याच काठावरच्या कमरागुंजा वस्तीत. इंग्रजी नसलेलं काही कानावर आलं की आमच्या साच्यात एक तयार कंस असतो. तो मी टाकला: (विदेशी भाषेत गातात). दिवसाचा कोटा पुरा करायचा होता, पुढे गेले.

फाइल तपासणीला गेली. आमच्या तपासनीस बाई जन्मापासून बहिऱ्या आहेत. पन्नाशी उलटलेल्या, व्हिक्टोरियातल्या शेपर्टनजवळच्या गावात वाढलेल्या. ऑस्लानमध्ये, म्हणजे इथल्या खुणांच्या भाषेत बोलतात. मला ती मोडकीतोडकीच येते, म्हणून आमचं बोलणं बरंचसं टाइप करूनच चालतं. दुपारी बाराच्या सुमाराला त्यांची टीप आली. त्या कंसाभोवती लाल चौकट आणि पुढे चारच शब्द: विदेशी? कुणाच्या देशात विदेशी?

मी ते वाचलं आणि माझे कान तापले. विमानातून उतरून या देशात आले ती मी. आणि या मातीतली भाषा, जी इथे इंग्रजीच्या कितीतरी हजार वर्षं आधीपासून बोलली जात होती, तिला मी विदेशी ठरवून मोकळी झाले होते. साच्यात होतं म्हणून, हे कारण मला सांगावंसंही वाटलं नाही. उठून त्यांच्या टेबलाशी गेले.

बाई रागावलेल्या नव्हत्या. शाळेत त्यांच्या वर्गात कमरागुंजाच्या घराण्यांतली मुलं होती, असं त्यांनी लिहून दाखवलं. १९३९ च्या फेब्रुवारीत तिथले सुमारे दोनशे लोक वस्तीच्या सरकारी व्यवस्थापकाच्या जाचाला कंटाळून वस्ती सोडून, नदी ओलांडून व्हिक्टोरियात आले होते. बाईंच्या वर्गातल्या मुलांचे आजी-आजोबा त्यांतले. मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, ती मी इतकी वर्षं या देशात राहून ऐकली नव्हती. त्या लोकांना लिहावाचायला शिकवणारे मास्तर थॉमस शॅड्रॅक जेम्स मॉरिशसमध्ये जन्मलेले, भारतीय वंशाचे होते. आधी मलोगाच्या मिशनवर आणि मग कमरागुंजात त्यांनी शाळा चालवली. विल्यम कूपरसारखे हक्कांसाठी लढणारे लोक त्यांच्याच हाताखालून गेले. १८८६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय फिस्क ज्युबिली गायक मलोगाला येऊन गेले होते, आणि बायबलमधल्या फॅरो राजाच्या सैन्याचं हे स्तोत्र योर्ता योर्तात आलं ते त्याच काळात. म्हणजे गुलामगिरी भोगलेल्यांचं गाणं जमीन हिरावलेल्यांच्या तोंडी आलं, आणि तिथला मास्तर आमच्याकडच्या मुळांचा.

मी म्हटलं, भाषेचं नाव घालते, (योर्ता योर्ता भाषेत गातात). बाईंनी मान हलवली. पुरेसं नाही. ऐकू येणाऱ्याला अर्थ कळत नसला तरी शब्द कानावर पडतात ना? मग मलाही शब्द हवेत.

अंदाजाने ते लिहिणं म्हणजे दुसरा अपराध झाला असता. चित्रपटाच्या हक्कदारांकडे बोल मागवले. ते येईपर्यंत आम्ही बाकीची फाइल तपासायला घेतली, आणि तिथे माझा दुसरा कंस सापडला.

चौघींतली के ही रंगाने उजळ. लहानपणी सरकारी माणसांनी तिला उचलून नेलं आणि गोऱ्यांमध्ये वाढवलं. इथे त्या मुलांना चोरलेल्या पिढ्या म्हणतात, आणि शब्दाचा जराही आडपडदा ठेवत नाहीत. केची ती हकीकत निघते त्या भागात, गेल एका जागी थांबते तिथे मी लिहिलं होतं: (उसासा टाकते). बाईंनी चित्र थांबवलं. ती उसासा टाकत नाहीये, म्हणाल्या. मी म्हटलं, मला ऐकू आलं. म्हणाल्या, पुन्हा ऐक.

हेडफोन लावून ऐकलं. मग वेग अर्ध्यावर आणून ऐकलं. आवाज होता खरा, पण तो आत घेतलेल्या श्वासाचा होता. उसासा बाहेर पडतो. हा आत गेला आणि तिथेच राहिला. पुढचं वाक्य त्या अडकलेल्या श्वासावरच बोललं जातं, म्हणून ते कापरं लागतं. कानाने मी जे चुकवलं ते बाईंनी गळ्याच्या खाली, हासळीच्या हाडापाशी पाहिलं होतं.

मग त्या थांबेनातच. मेलमन त्यांनी 'रेडियन्स'पासून पाहिलेली. १९९८ चा तो रेचल पर्किन्स यांचा चित्रपट, आईच्या अंत्यविधीला जमलेल्या तीन बहिणींचा. धाकटी नोना म्हणजे मेलमन. तिचा तो पहिलाच चित्रपट, आणि त्यासाठी तिला राष्ट्रीय पातळीवरचा ऑस्ट्रेलियन फिल्म इन्स्टिट्यूटचा, म्हणजे एएफआयचा, सर्वोत्तम अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. तो मिळवणारी ती पहिली आदिवासी स्त्री. क्वीन्सलंडच्या माउंट आयझा या खाणीच्या गावातली मुलगी, वडील बिडजारा या आदिवासी समाजातले आणि आई न्यूझीलंडची माओरी. चित्रपटात येण्याआधीच, १९९५ मध्ये, तिने वेस्ली इनॉकबरोबर एक एकपात्री नाटक लिहून स्वतः केलं होतं, 'द सेव्हन स्टेजेस ऑफ ग्रीव्हिंग'. त्या रंगमंचावर बर्फाची लादी टांगलेली असायची आणि प्रयोगभर वितळून ठिबकत राहायची. दुःखाविषयीच्या नाटकाला याहून नेमकं नेपथ्य मला सुचवता येणार नाही.

पण बाईंचा जीव होता तो 'द सीक्रेट लाइफ ऑफ अस' या मालिकेवर. २००१ मध्ये सुरू झाली, मेलबर्नच्या सेंट किल्डामधल्या तरुण मंडळींची. त्यात मेलमन 'केली' नावाची मुलगी होती: नोकरी करते, प्रेमात पडते, फसते, मैत्रिणींकडे रडते. तिचं आदिवासी असणं हा तिथे प्रश्न नव्हता, ती त्या इमारतीत राहणारी एक मुलगी होती. आपण पंचविशीत असताना टीव्हीवर अशी कुणी दिसणं काय असतं, हे बाईंनी लिहिलं नाही, दोन्ही हातांनी सांगितलं, आणि तेवढं मला पूर्ण कळलं. पुढे 'टोटल कंट्रोल' या मालिकेत तीच मेलमन सिनेटर ॲलेक्स अर्व्हिंग होऊन कॅनबेराच्या संसदेत पंतप्रधानांपुढे उभी राहते. तिथेही बोलण्याच्या अगोदर तोच आत ओढलेला श्वास. बाई म्हणाल्या, ही बाई बोलण्याच्या आधी काम करते. मला तर वाटतं, गेलसाठी २०१३ मध्ये तिला मिळालेला आक्टा पुरस्कार, म्हणजे एएफआय पुरस्काराचंच पुढचं रूप, या अशा जागांचा आहे. गाण्यांनी चित्रपट उचलला असेल, पण त्याला भार दिला तो तिने.

आता प्रश्न, कंसात लिहायचं काय? (श्वास रोखते) लिहून पाहिलं. ते अक्षर आलं की डोळा खाली जातो आणि चेहरा निसटतो. जिथे आपण लिहितो, तिथे प्रेक्षक बघत नाही. आमच्या कामातली ही सगळ्यात जड गोष्ट, आणि बारा वर्षांत मी ती विसरत आले होते. मी कंस पुसला. दोन संवादांमध्ये साडेतीन सेकंद कोरे ठेवले. साच्याप्रमाणे एवढ्या मोकळ्या जागेवर यंत्र आपोआप चूक दाखवतं. तिथे मी नोंद टाकली: हेतुपूर्वक रिकामं.

बोल साडेतीनला आले. एकेक अक्षर मूळ कागदाशी ताडून टाइप केलं, प्रत्येक ओळ गाणाऱ्यांच्या श्वासाशी तोडली, आणि वर भाषेचं नाव घातलं. मग साचा उघडला आणि 'विदेशी भाषा' हा तयार कंस त्यातून काढून टाकला. त्याच्या जागी आता एक रिकामी चौकट आहे. भाषेचं नाव शोधून भरल्याशिवाय फाइल पुढे सरकत नाही. सहकाऱ्यांना ते सुरुवातीला जाचलं, पण आठवड्याभरात त्यांनीही भाषांची एक यादी करून भिंतीवर लावली.

घरी निघण्याआधी बाईंनी मला खूण करून बोलावलं. तो तुकडा पुन्हा लावला होता. मी माझ्या बाजूचा आवाज बंद केला. पिवळी ओळ येऊन गेली, पडद्याचा तळ काळा झाला. मेलमनचा गळा किंचित वर आला आणि तिथेच थांबला. बाईंचा हात टेबलावर होता, त्याची बोटं तेवढा वेळ उचललेली राहिली.